तिबिदाबोची फेरी: वर कशाने, खाली कशाने

बार्सिलोनाच्या पाठीशी कोलसेरोला नावाची डोंगररांग आहे. तिचं सगळ्यात उंच टोक म्हणजे तिबिदाबो. माथ्यावर चर्च, चर्चच्या शिखरावर हात पसरून उभा असलेला येशू, आणि त्याच्या पायाशी आकाशपाळणा, लाल विमान, रोलर कोस्टर. देवस्थान आणि जत्रा एकाच डोंगरावर, हे आपल्याला काही नवीन नाही. फरक इतकाच की इथली जत्रा शंभरावर वर्षं उठलेलीच नाही.

लेक राहते पोब्लेनोउला, समुद्राच्या बाजूला. तिच्या गॅलरीतून शहराच्या पार पलीकडे तिबिदाबो दिसतो. नात सहा वर्षांची आहे. दात घासताना ती तिकडे ब्रश रोखून विचारते, "आबा, कधी?" मी वाई आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी केली. त्यामुळे "कधी?" विचारलं की माझ्या तोंडून आपोआप येतं, "वेळापत्रक बघून सांगतो." लेक म्हणाली, "बाबा, मग तुम्हीच करा सगळं प्लॅनिंग." जावईबापूंनी सुटकेचा नि:श्वास टाकलेला मला ऐकू आला.

तर हे ते प्लॅनिंग. मुलांकडे युरोपात आलेले आणि गुडघे सांभाळून फिरणारे माझ्या वयाचे बरेच वाचक आहेत, त्यांना उपयोगी पडेल.

आधी उंचीचं बघू. तिबिदाबो ५१२ मीटर. मी हा आकडा वाचून दाखवला तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, आपली वाई किती उंच?" वाई सातशेच्या पुढे आहे. पुणेसुद्धा साधारण ५६० मीटरवर. म्हणजे या डोंगराचा माथा आमच्या वाईतल्या ओट्यापेक्षा खाली. पाचगणीची तर बातच नको. पण इथे शहर समुद्राच्या काठापासून सुरू होतं, आणि डोंगर त्याच्या पाठीवर एकदम उभा राहतो. शून्यापासून पाचशे बारा. म्हणून तो दिसतो भला उंच, आणि वरून अख्खं शहर, बंदर, सग्रादा फमिलिया या प्रसिद्ध चर्चचे सुळके आणि पलीकडे भूमध्य समुद्र एका नजरेत येतो. नकाशातला उंचीचा आकडा बघून "एवढंसंच तर आहे" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता इतिहास थोडा सांगतो, कारण त्यातूनच माझा बेत ठरला. हे पार्क उभं केलं साल्वादोर आंद्रेउ नावाच्या औषधवाल्याने. खोकल्याच्या गोळ्या विकून गडी गब्बर झाला होता. त्याने डोंगराच्या पायथ्याची जमीन घेतली. बंगल्यांसाठी प्लॉट पाडायचे होते, पण तिथे जाणार कोण? मग त्याने आणि त्याच्या भागीदारांनी ट्राम सुरू केली, ट्रामच्या शेवटच्या थांब्यापासून माथ्यापर्यंत दोरावर चालणारी गाडी बसवली आणि माथ्यावर करमणूक. साल १९०१. ती दोराची गाडी, म्हणजे फ्युनिक्युलर, स्पेनमधली पहिली. आपली पहिली एसटी पुणे–अहमदनगर धावली १९४८ साली, त्याच्या ४७ वर्षं आधीची ही गोष्ट. आधी गाडी, मग वस्ती. हे सूत्र त्या माणसाला बरोबर कळलं होतं. आमच्याकडे डोंगरातल्या गावांना गाडी सुरू झाली की वर्षा-दोन वर्षांत थांब्यापाशी चहाची टपरी, मग किराणा, मग पिठाची गिरणी उभी राहायची. मी ते डोळ्यांनी बघितलंय.

सांगायचा मुद्दा, तिबिदाबोला वर जायच्या गाड्या आणि वरचे पाळणे एकाच डोक्यातून निघालेत. जावईबापू म्हणाले, "बाबा, सरळ टॅक्सी करू, वीस मिनिटांत दारात." करता येईल. पण मग निम्मी मजा खालीच राहिली. मी ठरवलंय: वर एका रस्त्याने जायचं, खाली दुसऱ्या रस्त्याने यायचं.

वर जाताना लांबचा रस्ता. मेट्रोची चार नंबरची लाइन पकडून उर्किनाओना, तिथून चालत प्लासा कातालुन्या. मग कातालान, म्हणजे इथल्या प्रांताच्या, सरकारची लोकल, एस-१ किंवा एस-२. उतरायचं पेउ देल फुनिक्युलारला. तिथे त्याच स्टेशनात वालविद्रेराची फ्युनिक्युलर लागते. ती १९०६ सालची, पण आता तिला चालकच नाही. आपोआप सुटते, आपोआप थांबते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला जरा कसंसंच झालं. सगळी नोकरी चालकांच्या ड्युट्या लावण्यात गेलेली.

या गाडीवर मी जरा रेंगाळणार आहे. दोन डबे, एकाच दोराच्या दोन टोकांना बांधलेले. एक उतरतो तेव्हा दुसरा चढतो. उतरणाऱ्याचं वजन चढणाऱ्याच्या कामी येतं आणि वरच्या मोटरला फक्त फरकाचं ओझं ओढावं लागतं. रूळ एकेरी, फक्त मधोमध काही अंतर दुहेरी केलेत, तिथे दोघं एकमेकांना ओलांडतात. जुन्या अरुंद घाटात समोरची गाडी यायच्या आत आपली कडेला घ्यायला एक ठरलेली रुंद जागा असायची ना, तसं. इथे मात्र चुकामूक शक्यच नाही, कारण दोर एकच.

आणि मध्ये एक थांबा आहे, कार्रेतेरा दे लेस आयग्वेस. तिथे गाडी आपणहून थांबत नाही. उतरायचं असेल तर डब्यातलं बटण दाबायचं. म्हणजे आपला विनंती थांबा! शिवाय त्यात एक गंमत आहे. आपला डबा तिथे थांबला की दोराच्या दुसऱ्या टोकाचा डबाही, त्यातल्या कुणाला उतरायचं असो वा नसो, जिथे असेल तिथे उभा. आपल्या एका बटणावर दोन गाड्या थांबतात. हे मी नातीला आधी सांगणार नाही, नाहीतर ती बटण सोडणार नाही. हा थांबा घ्यायचा मोह मला आहे. तिथून डोंगराच्या कुशीतून बऱ्यापैकी सपाट मातीचा रस्ता जातो, सकाळी लोक तिथे धावतात, सायकली चालवतात, आणि शहराचा देखावा फुकट. पण पाळण्यांच्या दिवशी नाही. त्यासाठी वेगळी सकाळ काढीन, एकट्याने.

वालविद्रेराच्या वरच्या स्टेशनाबाहेर १११ नंबरची बस मिळते, ती तिबिदाबोच्या चौकात सोडते. मेट्रो, लोकल, फ्युनिक्युलर, बस, हे सगळं एकाच पंचिंगवर चालतं, सव्वा तासाच्या आत गाड्या बदलल्या तर. इथलं दहा फेऱ्यांचं कार्ड आहे, टी-कासुआल. मात्र ते एका माणसाचंच. पूर्वीच्या कार्डावर चौघं मिळून जाऊ शकायचे, २०२० पासून ते बंद. तेव्हा प्रत्येकाचं आपलं आपलं कार्ड. सौ. ने विचारलं, "इथे बायकांना हाफ नाही?" नाही. ती सवलत आपल्याकडेच.

उतरताना कुका दे युम. १९०१ सालची ती पहिली फ्युनिक्युलर होती ना, तिच्याच मार्गावर २०२१ साली नवी गाडी आली, तिचं हे नाव. काजवा म्हणा. मोठमोठ्या काचा, छपरालाही काच, चार-पाच मिनिटांत खाली प्लासा दोक्तोर आंद्रेउला. हो, तोच औषधवाला. चौकाला त्याचंच नाव. पार्कमधून निघून लगेच ती गाडी, म्हणजे दिवसभर पाळण्यांनी दमलेल्या मुलाला आणि दुखऱ्या गुडघ्यांना चालायचं काम जवळजवळ नाही. व्हीलचेअर आणि बाबागाडीही सहज आत जाते. खालच्या चौकातून १९६ नंबरची बस, मग सात नंबरची लाइन, की परत प्लासा कातालुन्या. पूर्वी त्या चौकातून निळी ट्राम होती, १९०१ चीच. २०१८ पासून ती बंद आहे. त्या ट्रामसाठी मला फार वाईट वाटतं. गाडी बंद पडणं आणि गाडी बंद करणं यात फरक असतो, हे खात्यातली माणसं जाणतात. ती परत सुरू होणार म्हणतात. झाली तर लेकीने मला व्हिडिओ पाठवावा.

काही जण उलटं करतात, कुकाने वर आणि बसने खाली. मला ते पटत नाही. संध्याकाळी पार्क सुटल्यावर बसच्या थांब्यावर सगळ्यांची एकदम गर्दी होणार, आणि बस एका वेळी नेणार ती किती? दोराची गाडी गर्दी भराभर उपसते. यात्रेच्या जादा गाड्या लावलेल्या माणसाचं हे मत आहे, घ्यायचं तर घ्या.

पार्कच्या तिकिटाचं गणित वेगळंच आहे. इथे मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर. ९० सेंटीमीटरच्या आतलं मूल फुकट, ९० ते १२० ला कमी दर, त्यापुढे पूर्ण. हे वाचून मी अक्षरशः खुर्चीत मागे रेललो. एसटीत पाच ते बारा वर्षांचं हाफ तिकीट, आणि त्या वयावरून वाहकांची आणि आयांची जी भांडणं माझ्या खिडकीपर्यंत यायची! मिशा फुटलेली पोरं "अजून अकरा पूर्ण नाहीत." इथे भिंतीवर रेघ, तिच्यापाशी उभं राहा, विषय संपला. आमची नात दाराच्या चौकटीला लावून मोजली, ११६ भरली. केसांचा बुचडा सोडवून परत मोजली, ११४. म्हणजे कमी दरात बसते. पण त्याच उंचीमुळे मोठ्या रोलर कोस्टरसारख्या पाळण्यांना तिला आत सोडणार नाहीत, हे घरातूनच समजावून न्यायचं. रांगेच्या टोकाला जाऊन "तू लहान आहेस" ऐकणं म्हणजे बाकीचा दिवस गेला.

इथेच माझं आणि जावईबापूंचं एकमत झालं नाही. त्यांचं म्हणणं, आलोच आहोत तर सगळ्या पार्कचं तिकीट काढू. पार्क डोंगरउतारावर मजल्यामजल्यांनी बसवलेलं आहे. सगळ्यात वरचा, चर्चच्या पातळीचा भाग म्हणजे 'पॅनोरॅमिक' विभाग. त्याचं वेगळं, स्वस्त तिकीट मिळतं. रोलर कोस्टर, लाकडाच्या ओंडक्यातून पाण्यात घसरणं, भुताचं हॉटेल हे सगळं खालच्या मजल्यांवर आणि मोठ्या तिकिटात. आता आमच्यात एक मूल ११४ सेंटीमीटरचं, दोघं साठीच्या पुढचे, त्यातली एक गुडघ्याची पेशंट, आणि लेक, जिला आकाशपाळण्यातही गरगरतं. उरले जावई. एका माणसाच्या हौसेसाठी पाच मोठी तिकिटं मी काढू देणार नाही. त्यांनी एकट्यांनी मोठं काढावं, आम्ही वर बसतो. यावर ते "बघू" म्हणाले. जावयाच्या "बघू"चा अर्थ काय लावायचा, हे अजून कुठल्या परिपत्रकात आलेलं नाही.

आणि खरं सांगू, वरच्या विभागात जे आहे तेच तिबिदाबोचं असली सोनं आहे. तालाया घ्या. १९२१ सालची. पन्नास मीटरचा लोखंडी हात, त्याच्या टोकाला पिंजरा, त्यात माणसं उभी राहतात आणि तो हात सावकाश वर उचलला जातो. वेग नाही, गोल गोल फिरवून पोटात ढवळणं नाही. डोंगराचे ५१२ आणि त्यावर हे, असे मिळून साडेपाचशे मीटरवर माणूस लटकतो. हे सौ. ला जमेल. ती म्हणते, "देवाच्या एवढं जवळ गेल्यावर गुडघ्याचं सांगून येईन."

पण ज्याच्यासाठी मी स्वतः चाललोय ते म्हणजे लाल विमान. १९२७ च्या डिसेंबरात माद्रिद–बार्सिलोना अशी प्रवासी विमानाची पहिली फेरी सुरू झाली. त्या विमानाची प्रतिकृती पुढच्याच वर्षी, १९२८ ला, तिबिदाबोवर बसवली. तेव्हाच्या साध्या माणसाला विमानाचं तिकीट परवडणं शक्य नव्हतं, त्याला इथे थोड्या पैशांत विमानात बसल्याचं सुख मिळायचं. रचना अशी: मधोमध खांब, त्याला आडवा हात, हाताला विमान टांगलेलं. आणि हे विमान खालून मोटर फिरवते म्हणून फिरत नाही, तर त्याच्या नाकावरचा पंखा खरोखर फिरतो आणि तोच विमानाला पुढे ओढतो. फेरीचा अर्धा भाग गच्चीवरून, उरलेला अर्धा कठड्याबाहेर, खाली थेट डोंगराचा उतार. आत एकामागे एक छोट्या सीटा, छोट्या खिडक्या. जवळजवळ शंभर वर्षांचं वाहन अजून प्रवासी घेऊन चालू आहे! त्याची देखभाल करणाऱ्या माणसाला मला भेटायचंय. कातालान येत नाही, स्पॅनिश येत नाही, पण ग्रीसचा डबा आणि पाना ही भाषा मला येते.

नातीसाठी तिथेच चक्राकार घोडे आहेत, रंगीत आकाशपाळणा आहे, आणि जुन्या यांत्रिक बाहुल्यांचं संग्रहालय आहे. बटण दाबलं की बाहुली मान हलवते, डोळे फिरवते, कुणी वाजवतं, कुणी नाचतं. काही बाहुल्या एकोणिसाव्या शतकातल्या. ऊन वाढलं किंवा पाऊस आला तर आसरा घ्यायला ही जागा मनात धरून ठेवलीय.

चर्चचं आतून दर्शन घेऊ. १९०२ साली पाया घातला, काम पूर्ण झालं १९६१ ला. बापाने, एन्रिक साग्निएरने, आराखडा केला आणि मुलाने पुरं केलं. लिफ्टने वर गच्चीवर जाता येतं, त्याचे पैसे वेगळे. तालाया केल्यावर ते करायची गरज मला वाटत नाही, पण वारा असेल तर उलट करू. डोंगरमाथ्यावर वारा उठला की उंचावरचे पाळणे बंद ठेवतात. म्हणून हवामानात मी पावसाच्या आधी वाऱ्याचा रकाना बघतो.

दिवस कुठला? हे पार्क रोज उघडं नसतं. उन्हाळ्याचे दोन महिने सोडले तर मुख्यतः शनिवार-रविवार आणि सुट्ट्या, थंडीत काही आठवडे पूर्ण बंद. त्यांच्या साइटवर महिन्याचं कॅलेंडर असतं, उघडं-बंद आणि तासही तारखेप्रमाणे बदलतात. ग्रुप टूरवाले तिबिदाबोला नेत नाहीत, त्याचं एक कारण हेच असावं. त्यांची बस मंगळवारी बार्सिलोनात असते आणि मंगळवारी फाटकाला कुलूप.

वेळेचं मात्र मी होकायंत्र घेऊन ठरवलं. डोंगर शहराच्या वायव्येला आहे. माथ्यावरून शहर आणि समुद्र बघायचा म्हणजे तोंड आग्नेयेला. सकाळी सूर्य समोर, डोळ्यांत, आणि समुद्रावर नुसती चकाकी. दुपार कलली की सूर्य पाठीशी येतो आणि सगळ्या शहरावर ऊन पडतं, इमारत न् इमारत मोजून घ्या. म्हणून बारा-साडेबाराला घरातून निघायचं, दोनला वर, फोटोचं काम पाचनंतर. मागच्या बाजूला, वायव्येकडे, हवा स्वच्छ असेल तर मोन्सेरात डोंगराचे करवती सुळके दिसतात. जून चालू आहे, अंधार पडायला साडेनऊ होतात, त्यामुळे घाई नाही.

जेवण वर घ्यायचं नाही, एवढं नक्की. सौ. थालीपीठं करणार आहे, सोबत दही नको, लोणचं चालेल. चर्चसमोरच्या चौकात बाक आहेत. लेक म्हणते, बाबा, सगळ्यांसमोर डबा उघडून बसायचं? मी म्हटलं, पाचगणीला टेबललँडवर आख्खा महाराष्ट्र बसतो. पाण्याच्या बाटल्या जावईबापूंच्या पाठीवर. एक पातळ स्वेटर नातीला, वाऱ्यासाठी.

शनिवारचा बेत पक्का. शनिवारी वारा तीसच्या वर दिसला तर रविवार, तशी फळ्यावर नोंद करून ठेवलीय. नातीने खाली स्वतःची भर घातलीय: "आबा विमानात खिडकीपाशी मी."